अक्काच्या पोर्चमधली गाडी

आपल्या बेळगावात टिळकवाडीपासून वडगावपर्यंत कुठल्याही गल्लीत संध्याकाळी फिरून या. दहा-पंधरा घरांत एखादी तरी गाडी राखाडी कव्हर पांघरून उभी दिसेल. कव्हरावर पानांचा थर, खाली मांजर. विचारलं तर उत्तर ठरलेलं, "मुलाची आहे. तो बाहेर असतो ना!" बाहेर म्हणजे कुठे, हे आता कुणी विचारत नाही.

अशीच एक गाडी इंदूरला माझ्या अक्काच्या पोर्चमध्ये होती. गाडी कसली, दोन होत्या. एक भाच्याची २०१० सालची पेट्रोल कार, दुसरी भावजींची १९९२ ची कायनेटिक होंडा. भाचा २०१४ मध्ये जर्मनीला, स्टुटगार्टला गेला. तीन वर्षांसाठी. "गाडी विकत नाही, परत आल्यावर लागेलच की," असं म्हणून चावी वडिलांच्या हातात दिली आणि दुसरी चावी चुकून स्वतःच्या बॅगेतून घेऊन गेला. तीनाची दहा वर्षं झाली.

ऑक्टोबर २०२३ मध्ये भावजी गेले. भाचा येऊन बारा दिवस राहिला आणि परत गेला. जानेवारीत अक्काचा फोन आला, "तू ये बाई. कागदं समजत नाहीत मला आणि गाडीही सुरू होऊन राहिली नाही." लग्न होऊन इंदूरला गेली त्याला पन्नास वर्षं होत आली. तिच्या मराठीला आता माळव्याचं वळण लागलंय. मी बँकेतून निवृत्त झालेली, गाडी चालवणारी आणि मोकळी. निघाले.

पुण्याहून रात्रीची बस धरली. धुळे, शिरपूर ओलांडलं की सेंधव्याचा घाट लागतो आणि मग पहाटे खलघाटला नर्मदेचा पूल. बसमधल्या आजीबाईंनी खिडकीतून नाणं टाकून हात जोडले, मीही जोडले. पुढे मानपूरचा घाट चढून माळव्याच्या पठारावर आलं की हवाच बदलते. माझ्या पिशवीत भडंग, कुंदा आणि निपाणीच्या तंबाखूची एक जुडी होती. तंबाखू कुणाला खायला नव्हती. इंजिनाच्या कप्प्यात पानं बांधून ठेवली की उंदीर फिरकत नाहीत असं आमच्याकडचे मेकॅनिक सांगतात, म्हणून घेतलेली.

राजेंद्रनगर हा इंदूरचा मराठी वस्तीचा भाग. रिक्षावाला फाटकाशी थांबला तेव्हा समोरच्या गाडीचा नंबर एमपी-०९ पाहून क्षणभर कोल्हापुरातच उतरल्यासारखं वाटलं. आपल्या डोळ्यांना एमएच-०९ ची सवय ना!

अंगण लख्ख होतं. २०१७ पासून स्वच्छ शहरांच्या यादीत इंदूरने वर्षानुवर्षं पहिला नंबर सोडला नाही. त्याचा अभिमान तिथल्या माणसांना सराफ्यातल्या खाण्याइतकाच आहे. गाडीचं कव्हरसुद्धा अक्काने धुऊन घातलं होतं. बॉनेट उघडल्यावर मात्र एअर फिल्टरच्या डब्यात उंदराचं घरटं निघालं, सोबत कुरतडलेल्या दोन वायरी. माझी तंबाखू पोचायला उशीर झाला होता.

भावजी पिथमपूरला स्कूटरच्या कारखान्यात होते. इंदूरपासून पंचवीसेक किलोमीटरवरचं हे पिथमपूर म्हणजे माळव्याची वाहननगरी. फिरोदियांची कायनेटिक होंडा ऐंशीच्या दशकात इथेच तयार होऊ लागली. गिअर नाहीत, बटण दाबलं की सुरू. साडी नेसून चालवता येणारी ही स्कूटर आपल्याकडे किती शिक्षिकांनी, नर्सबाईंनी घेतली होती ते आठवा. १९९८ मध्ये होंडा बाजूला झाली आणि २००८ मध्ये तो धंदा महिंद्रांकडे गेला. आता त्याच पिथमपुरात गाड्यांच्या चाचणीसाठी ११.३ किलोमीटरचा वेगवान ट्रॅक झालाय, २०२१ साली. भावजींची कायनेटिक तिथेच जन्मलेली. तिची नोंदणी पंधरा वर्षांनी संपली तेव्हापासून दर पाच वर्षांनी ते स्वतः रांगेत उभे राहून नूतनीकरण करत. २०२२ च्या एप्रिलपासून ती फी तीनशेची एक हजार झाली आणि कारची सहाशेची पाच हजार. तरी त्यांनी केलं.

भावजींच्या टेबलाच्या खणात दोनशे पानी वही सापडली. वर लिहिलेलं, 'गाडी – देखभाल'. तारीख, किलोमीटरचा आकडा, टायरमधली हवा, बॅटरी, शेरा. दर दुसऱ्या रविवारी महूपर्यंत जाऊन येणे. वर्षातून एकदा तेल बदल, बदलल्याची पावती डकवलेली. टायर कधीचे आहेत तेही त्यांनी टिपलं होतं. टायरच्या कडेला चार आकडे असतात, २२१७ म्हणजे २०१७ सालचा बाविसावा आठवडा. मला हे तोवर माहीत नव्हतं. तुम्हीही आपल्या गाडीचे बघा, नवे म्हणून घेतलेले टायर कधीकधी दुकानातच म्हातारे झालेले असतात.

जुन्या ओळखीचा एक मेकॅनिक आला. त्याने बॅटरी तपासली आणि मान हलवली. "मॅडम, ये रोज पाच मिनिट चालू करके बंद करते थे क्या?" मी ठणकावून सांगितलं, छे, पंधरा दिवसांनी चाळीस किलोमीटर फिरवायचे, वहीत लिहिलंय. तो काही बोलला नाही. पण त्याने समजावून सांगितलं ते मी तुमच्यासाठी लिहून ठेवते. स्टार्टर एका दमात जेवढी बॅटरी खातो तेवढी पाच मिनिटांत भरून निघत नाही. इंजिन नीट तापत नाही, सायलेन्सरमध्ये पाणी साठून तो आतून गंजतो. त्यापेक्षा गाडी न उघडलेली बरी. चालवायची तर अर्धा तास रस्त्यावर, नाहीतर बॅटरीची वायर काढून ठेवायची. हँडब्रेक ओढून महिनोन्‌महिने ठेवायचा नाही, चिकटतो. पहिल्या गिअरमध्ये ठेवून चाकाला दगड लावायचा. टायरमध्ये हवा थोडी जास्त भरायची. आणि जुन्या कार्ब्युरेटरच्या स्कूटरमध्ये पेट्रोल तसंच ठेवायचं नाही. आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते हवेतलं पाणी ओढून घेतं.

तो गेल्यावर मी वही पुन्हा उघडली. तेव्हा दिसलं. २०२२ च्या दिवाळीनंतर किलोमीटरचा आकडा हलतच नव्हता. ४१,३८६. पुढच्या रविवारी ४१,३८६. शेरा मात्र प्रत्येक वेळी, 'ठीक'.

अक्काला विचारलं. ती भाजी निवडत होती. मान वर न करता कन्नडात म्हणाली, "गोत्तित्तु ननगं." मला ठाऊक होतं. आमची आई धारवाडची, त्यामुळे मनातलं काही बोलायचं असलं की आम्ही बहिणी कन्नडात शिरतो. भावजींना मोतीबिंदू झाला होता, एका डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं नव्हतं. रस्त्यावर गाडी काढायची हिंमत होत नव्हती. पण रविवारी रात्री मुलाचा व्हिडिओ कॉल यायचा आणि त्याचा पहिला प्रश्न असायचा, "बाबा, गाडी सुरू केली का?" हे म्हणायचे, "केली." खोटं नव्हतं ते. सकाळी सातला जाऊन बसायचे, सुरू करायचे, रेडिओ लावायचे, बंद करायचे. कधी अर्धा तास तसेच बसून राहायचे. अक्का चहा गाडीतच नेऊन द्यायची.

म्हणजे ज्या मायेने ते बॅटरी जपत होते त्याच मायेने ती मेली. मला हसावं की रडावं कळेना.

आपण घरातून निघताना 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. कन्नडातही तेच, होगि बर्तेनि. जाऊन येतो. पोरं परदेशी जाताना पायऱ्या उतरतात तेव्हाही हेच म्हणतात, आणि मागे गाडी ठेवून जातात. विकून गेली असती तर आई-बापांना त्या 'येतो'चा अर्थ वेगळा लावावा लागला असता. हे मला तिथे, त्या पोर्चमध्ये समजलं. तोवर मी फोनवर अक्काला एकच सांगत होते, भंगार झालंय, काढून टाक.

कागदांची कथा वेगळीच. कायनेटिक भावजींच्या नावावर. मालक वारला की वारसाने तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरून आपल्या नावावर करायची असते. आम्ही मुदतीच्या अगदी काठावर होतो. मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र, विमा, पीयूसी. दोन हेलपाटे झाले, पण झालं. कारचं अवघड. ती भाच्याच्या नावावर आणि तो तिकडे. विकायची तर फॉर्म २९ आणि ३० वर त्याची सही हवी. ऑनलाइन करायला गेलं की ओटीपी त्याच्या इंदूरच्या नंबरवर जातो, आणि तो नंबर केव्हाच बंद. मुखत्यारपत्र पाठवायचं तर तिकडच्या भारतीय वकिलातीत साक्षांकित करून, इथे पोचल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांक लावून घ्यायचं. मुलगा जातोय तेव्हाच हे करून ठेवावं, असं मी आता भेटेल त्याला सांगते. लोक माझ्याकडे अपशकुन केल्यासारखं बघतात.

गाडी बेळगावला न्यावी असंही मनात आलं. पण आपल्या सीमेवरच्या माणसांना हे दुखणं सांगायला नको. दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवली की ना-हरकत दाखला, तिथला कर, तिथला नंबर. चौदा वर्षांच्या गाडीसाठी कोण करणार?

त्या रात्री भाच्याला फोनवर सगळं सांगितलं. आकड्याचंही. तो बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "मावशी, एक वर्ष थांबूया का?" पाठीमागून अक्का हळूच मला, "मारब्याड म्हणावं हं." मराठी कानाला वाटावं, कुणाला मारू नको सांगतेय. ती म्हणत होती, विकू नको.

नवी बॅटरी बसवली, वायरी जोडल्या, टायरही बदलले. विमा चालू होता, पण एक गोष्ट बघून ठेवली. मालक-चालकाचा अपघात विमा मालकापुरताच असतो, माझ्यासारख्या मावशीला तो लागू नाही. रविवारी सकाळी अक्काला शेजारी बसवून निघाले. महूच्या रस्त्याला नाही लागलो. ती म्हणाली, माणिकबागेवरून ने.

माणिकबाग हा यशवंतराव होळकरांचा राजवाडा. एकार्ट मुथेसियस या तरुण जर्मन वास्तुरचनाकाराने १९३० ते ३३ दरम्यान बांधलेला. महाराजांना गाड्यांचं वेड. ड्युसेनबर्ग ही अमेरिकन गाडी, तिचा सांगाडा लंडनला गर्नी नटिंगकडे बांधून घेतला होता, रंग होळकरांचा, भगवा आणि काळा. महाराज वर्षातले कितीतरी महिने युरोप-अमेरिकेत असत. १९६१ मध्ये ते गेले. ती गाडी आज भारतात नाही आणि राजवाड्यात केंद्रीय करखात्याचं कार्यालय आहे. अक्का फाटकाकडे बघून म्हणाली, "राजाच्या गाड्या सांभाळायला पगारी माणसं असतील. यांना काय मिळालं?" आणि मग स्वतःच, "रेडिओ लाव."

परतताना पोहे-जिलेबी झाली, पोह्यांवर जिरावण आणि शेव. संध्याकाळी सराफ्यात थंडीतले गराडू. अक्का दिवसभर बोलत होती, भाच्याच्या लहानपणचं, आमच्या शहापूरच्या घराचं. घरी आल्यावर वहीत मी आकडा लिहिला, ४१,४०९. तिने शेऱ्यात स्वतःच्या हाताने 'ठीक' लिहिलं.

मार्चमध्ये तिनेच भाच्याला सांगितलं, ये आणि विक. मी तिथे नव्हते, त्यामुळे हे कसं घडलं ते मला नीट सांगता येणार नाही. मे २०२४ मध्ये तो आठ दिवस आला. गिऱ्हाईकाने दोन चाव्या मागितल्या होत्या आणि दुसरी दहा वर्षं स्टुटगार्टच्या खणात पडलेली. ती तो घेऊन आला. तीन दिवस आरटीओत गेले, बाकीचे आईबरोबर. जाताना वही मागितली. अक्काने दिली नाही, झेरॉक्स काढून दिली.

कायनेटिक ठेवलीय. शेजारच्या घरातला कॉलेजचा मुलगा दर रविवारी ती काढतो आणि अक्काला मागे बसवून राजेंद्रनगरच्या भाजीबाजारापर्यंत नेऊन आणतो. कॉल अजून येतो आणि पहिला प्रश्न अजून तोच असतो. गेल्या रविवारी अक्काने मला मुद्दाम फोन करून सांगितलं, बटणाने नाही झाली, पण तिसऱ्या किकला सुरू झाली.