चांदी भरू की पांढरं?

"डॉक्टर, चांदी नको, पांढरंच भरा," असं हल्ली बहुतेक पेशंट खुर्चीत बसल्या बसल्याच सांगतात. मागणी रास्त आहे. पण ही दोन फिलिंगं दाढेला धरून राहतात ती अगदी वेगवेगळ्या रीतीनं, आणि आमच्या हाताचं कामही त्यामुळेच बदलतं.

लोक जिला चांदी म्हणतात, त्या अमाल्गममध्ये वजनानं साधारण निम्मा पारा असतो. बाकी चांदी, कथील आणि तांबं. ते दाताला चिकटत नाही. म्हणून कीड काढल्यावर खड्डा वर अरुंद आणि तळाशी किंचित रुंद ठेवावा लागतो, आणि त्यापायी थोडा निरोगी दातही जातो. मग मिश्रण थोडं थोडं घालून ठासायचं. काही मिनिटांत ते घट्ट होऊ लागतं आणि कार्व्हर या कोरणीखाली बारीक करकर ऐकू येते. दाढेच्या खाचा कोरायच्या त्या तेव्हाच. थोडी ओल राहिली तरी अमाल्गम निभावून नेतं. अगदी मागच्या दाढेत, लाळ थांबतच नाही अशा तोंडात, या गुणाचं मोल फार.

पांढरं फिलिंग म्हणजे कॉम्पोझिट. ते दाताला चिकटतं. फॉस्फोरिक आम्लानं इनॅमल खरखरीत केलं तर त्यावर राळ पक्की बसते, हे दंतसंशोधक मायकेल बुओनोकोर यांनी १९५५ मध्ये दाखवलं. त्यामुळे आता किडलेलं तेवढंच काढून भागतं. आम्ल लावून, धुऊन, वाळवलेलं इनॅमल खडूसारखं पांढरंफटक दिसतं. त्यावर लाळ आली की पुन्हा पहिल्यापासून. मग चिकटवणारं बाँडिंग, मग साधारण २ मिलिमीटरचे थर, आणि दर थरावर निळा प्रकाश. घट्ट होताना कॉम्पोझिट आकसतं. घाईनं जाड थर भरला तर कडेला फट पडते आणि कीड तिथूनच परत शिरते.

पाऱ्याच्या प्रदूषणामुळे मिनामाता या आंतरराष्ट्रीय करारानं अमाल्गमचा वापर कमी करायला लावला. युरोपीय संघानं तर १ जानेवारी २०२५ पासून, वैद्यकीय गरजेचे अपवाद वगळता, ते बंदच केलं. हे योग्यच झालं. पण आता कॉम्पोझिटच भरायचं, तर दाढ कोरडी ठेवण्यात हयगय चालणार नाही.

तेव्हा जुनी चांदी शाबूत असेल तर निव्वळ रंगासाठी ती उकरून काढू नका. आणि पांढरं भरून घेताना डॉक्टरांनी रबर डॅम, म्हणजे दाढ कोरडी ठेवणारा रबरी पडदा, लावला, वेळ घेतला, तर घाई करू नका. फिलिंग टिकतं ते त्या वेळामुळेच.