आपत्कालीन वैद्यकाविषयी एका स्नेह्यास पत्र





कन्येने पदव्युत्तर शिक्षणासाठी आपत्कालीन वैद्यक ही शाखा घ्यावी की नाही, आणि घरातील वडीलधाऱ्यांना अवेळी काही झाले तर कोणत्या लक्षणांवर रुग्णालय गाठावे, असे दोन प्रश्न आपल्या पत्रात आहेत. ते दिसतात तितके वेगळे नाहीत. कारण कॅज्युअल्टीतील डॉक्टर कोणत्या रीतीने विचार करतो हे एकदा लक्षात आले की, त्याच्याकडे कधी धाव घ्यावी आणि कधी घरीच थांबावे हेही बहुतांशी उलगडते.

इतर शाखांतील वैद्य रोग्याची हकीकत, तपासणी आणि चाचण्या या क्रमाने रोगाच्या नावापर्यंत पोहोचतो व मग उपचार ठरवतो. आपत्कालीन वैद्यकात हा क्रम उलटा होतो. तेथे प्रथम श्वासमार्ग मोकळा आहे काय, श्वास पुरेसा आहे काय आणि रक्ताभिसरण टिकून आहे काय एवढेच पाहिले जाते, आणि यांपैकी जे बिघडलेले असेल ते नावगाव विचारण्याआधी सावरले जाते. त्यानंतरही, या लक्षणामागे जीव घेणारे काय दडलेले असू शकते आणि ते नाही हे कशावरून म्हणता येईल, याच प्रश्नाभोवती सगळा विचार फिरतो. छातीत दुखते म्हणून आलेल्या मनुष्याच्या बाबतीत हृदयविकाराचा झटका, महाधमनीची म्हणजे हृदयातून निघणाऱ्या सर्वांत मोठ्या धमनीची भिंत फाटणे, फुप्फुसाच्या धमनीत रक्ताची गुठळी अडकणे, छातीच्या पोकळीत हवा कोंडून फुप्फुस दबणे आणि क्वचित अन्ननलिका फाटणे, अशा शक्यता एकेक करून दूर केल्या जातात. त्या दूर झाल्या, आणि दुखण्याचे खरे कारण बरगडीच्या स्नायूत आहे की जठरात हे कळले नाही, तरी विभागाचे काम पुरे झालेले असते. नातेवाइकांना हे पटत नाही. चार तास बसवून, दोनदा रक्त काढून, शेवटी ‘काळजीचे कारण नाही, उद्या नेहमीच्या डॉक्टरांना दाखवा’ एवढेच सांगितले म्हणून ते रागावतात. आणि हृदयाच्या स्नायूला इजा झाल्यावर रक्तात उतरणारे ट्रोपोनिन हे प्रथिन दिसू लागण्यास काही तास जावे लागतात म्हणून दुसऱ्यांदा रक्त घेतले, हे समजावून सांगण्यास त्या गर्दीत कोणाला सवड झालेली नसते.

स्वतंत्र शाखा म्हणून हे वैद्यक अद्याप तरुण आहे. अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात, अलेक्झांड्रिया येथील रुग्णालयात १९६१ साली जेम्स मिल्स आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी आपापले खासगी व्यवसाय सोडून केवळ आपत्कालीन कक्ष पूर्णवेळ चालवण्याचे ठरवले, तेथून या पेशाचा आरंभ साधारणपणे मोजला जातो. १९७० साली सिनसिनाटी विद्यापीठात पहिला निवासी अभ्यासक्रम सुरू झाला आणि १९७९ साली त्या देशात शाखेला मान्यता मिळाली. भारतात ही मान्यता मेडिकल कौन्सिलने २००९ साली दिली. तोवर, आणि पुष्कळ ठिकाणी आजही, कॅज्युअल्टी म्हणजे इंटर्न आणि ‘सीएमओ’ म्हटला जाणारा वैद्यकीय अधिकारी यांची पाळीची जागा, जेथून रोगी वॉर्डात किंवा दुसऱ्या शाखेच्या स्वाधीन करावयाचा असे. सीएमओचा बराच वेळ ‘एमएलसी’च्या, म्हणजे पोलिसांना कळवावयाच्या प्रकरणांच्या, नोंदवहीत जाई. सर्वांत अडचणीतला रोगी सर्वांत कमी अनुभवी हातांत सोपवण्याची ही व्यवस्था इतकी वर्षे कोणाला खटकली नाही, हे नवलच म्हटले पाहिजे.

या एमएलसीच्या धास्तीने किती जीव गेले याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. वाहनाने उडवलेल्या एका स्कूटरस्वाराला जवळच्या रुग्णालयाने पोलिसी प्रकरण म्हणून दूरच्या रुग्णालयाकडे धाडले आणि तो वाटेतच मरण पावला, या बातमीवरून परमानंद कटारा यांनी सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. १९८९ साली न्यायालयाने निर्णय दिला की जीव वाचवणे हे प्रत्येक डॉक्टरचे, सरकारी असो वा खासगी, पहिले कर्तव्य आहे आणि कोणतीही कायदेशीर औपचारिकता त्याच्या आड येऊ शकत नाही. १९९६ साली पश्चिम बंगालमधील एका खटल्यात तातडीचे उपचार सरकारी रुग्णालयाने नाकारणे हा जगण्याच्या मूलभूत हक्काचा भंग ठरवला गेला, आणि २०१९ साली मोटार वाहन कायद्यात घातलेल्या १३४-अ या कलमाने अपघातग्रस्ताला सद्भावनेने मदत करणाऱ्यास संरक्षण मिळाले, इतके की आपले नाव सांगण्याचीही त्याच्यावर सक्ती करता येत नाही. ‘आधी पोलिसांत जाऊन या’ असे कोणी दारात म्हटले, तर ते ऐकून परत फिरण्याचे काहीच कारण नाही.

आत गेल्यावर पहिली गाठ ‘ट्रायाज’शी पडते. ट्रायाज म्हणजे आलेल्या रोग्यांची निकडीनुसार वर्गवारी. नेपोलियनच्या सैन्यातील शल्यविशारद दॉमिनिक-झां लॅरे यांनी जखमींना हुद्दा न पाहता जखमेच्या गांभीर्यानुसार उचलण्याचा जो पायंडा पाडला, त्यातून ही पद्धत वाढत गेली. आज बहुतेक ठिकाणी लाल, पिवळा आणि हिरवा असे रंग वापरले जातात. बाकड्यावर ताटकळणाऱ्याला हा अन्याय वाटतो, कारण रांग म्हणजे आधी आलेल्याचा आधी नंबर ही आपली समजूत रेशनच्या दुकानापासून पक्की झालेली आहे. वास्तविक हिरवा रंग मिळून तासभर थांबावे लागणे ही त्या इमारतीत कानी पडू शकणारी सर्वांत चांगली बातमी असते. मात्र थांबलेल्या काळात रोग्याला घाम फुटला, धाप लागली किंवा तो असंबद्ध बोलू लागला, तर पुन्हा जाऊन सांगणे हा नातेवाइकांचा हक्क आहे, कारण वर्गवारी एकदाच करून संपत नाही.

वडीलधाऱ्यांच्या बाबतीत घात होतो तो बहुधा अंगावर काढण्याच्या सवयीमुळे. पहाटे छातीत किंवा पोटाच्या वरच्या भागात दडपण आले की ‘गॅस झाला असेल’ म्हणून ओवा आणि सोडा पुढे होतो आणि ‘सकाळी बघू’ असे ठरते. मधुमेह असलेल्या आणि वयस्क व्यक्तींमध्ये, विशेषतः स्त्रियांमध्ये, हृदयविकाराचा झटका पुष्कळदा छातीत न दुखताच, नुसत्या घामाने, धापेने किंवा अकारण थकव्याने प्रकट होतो, हे त्या वेळी कोणाच्या ध्यानात येत नाही. अशा रोग्याचा ईसीजी, म्हणजे हृदयाच्या विद्युतलहरींचा आलेख, विभागात पाऊल टाकल्यापासून १० मिनिटांत निघावा आणि मोठी धमनी पूर्ण बंद असल्यास अँजिओप्लास्टीने ती ९० मिनिटांच्या आत उघडावी, असा मापदंड आहे. घरी सोड्याची वाट पाहण्यात गेलेला वेळ या हिशेबात धरलेलाच नसतो. पक्षाघाताचे गणित याहून कठोर आहे. तोंड वाकडे होणे, एका बाजूचा हात उचलता न येणे, बोलणे अडखळणे, यांपैकी काहीही एकाएकी घडले तर गुठळी विरघळवणारे औषध लक्षणे सुरू झाल्यापासून सर्वसाधारणपणे साडेचार तासांच्या आतच देता येते, तेही सीटी स्कॅनने मेंदूत रक्तस्राव नाही याची खात्री केल्यानंतर. म्हणून डॉक्टर विचारतो तो प्रश्न ‘केव्हा लक्षात आले’ हा नसून ‘शेवटचे धडधाकट केव्हा पाहिले’ हा असतो. रात्री १० वाजता नीट बोलून झोपलेली व्यक्ती सकाळी ६ वाजता वाकड्या तोंडाने उठली, तर घड्याळ रात्री १० पासूनच धरले जाते. हाताशी ग्लुकोमीटर असेल तर साखर तपासावी, कारण साखर फार उतरली तरी हुबेहूब पक्षाघाताचे सोंग उभे राहते. हृदयविकाराच्या संशयात डॉक्टर फोनवरून अ‍ॅस्पिरिन चघळण्यास सांगतात हे पाहून पक्षाघातातही ती गोळी देण्याचा मोह होतो. तो टाळावा, कारण स्कॅनपूर्वी गुठळी की रक्तस्राव हे कोणालाच ठाऊक नसते.

याच कारणाने सर्वांत जवळचे रुग्णालय नेहमीच योग्य ठरते असे नाही. रात्री सीटी स्कॅन चालू असते काय, अँजिओप्लास्टीची सोय कोठे आहे, ही चौकशी घरात सगळे ठणठणीत असताना करून ठेवावयाची गोष्ट आहे. महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा २०१४ साली सुरू झाली आणि तिच्या गाड्यांवर डॉक्टर नेमण्याची पद्धत ठेवली गेली. रोग्याने स्वतः गाडी चालवत येणे किंवा त्याला स्कूटरवर मध्ये बसवून आणणे यापेक्षा ती दहा मिनिटे उशिरा आली तरी बरी. आपल्या मातोश्री रक्त पातळ होण्याच्या गोळ्या घेत असल्यास, डोक्यावर पडल्यानंतर त्यांना काही होत नसले तरी त्याच दिवशी दाखवणे आवश्यक आहे. जुनी पाठदुखी ही तातडी नव्हे. परंतु पाठदुखीबरोबर लघवी अडली किंवा मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला, तर ती तत्काळ तातडी होते, कारण मणक्यातील मज्जातंतूंचा पुंजका दाबला जात असण्याची शक्यता असते. लहान मुलांत तापाच्या आकड्यापेक्षा श्वास मोजणे अधिक उपयोगी पडते: मूल शांत असताना, २ महिने ते १ वर्षाच्या बाळात मिनिटाला ५० किंवा अधिक आणि १ ते ५ वर्षांच्या मुलात ४० किंवा अधिक श्वास हे धोक्याचे मानले जातात. पिणे सोडलेले किंवा सुस्तावलेले मूल मात्र आकड्यांची वाट न पाहता न्यावे.

कन्येच्या प्रश्नाकडे वळताना महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांचे उदाहरण पुढे येते, आणि ते मुद्दाम घ्यावेसे आहे, कारण ही शाखा मोठ्या शहरातील वातानुकूलित कक्षातच फुलते असा एक समज तरुण डॉक्टरांत आढळतो. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करताना, कोकणातील लाल विंचवाच्या दंशानंतर माणसे विषाच्या नुसत्या वेदनेने मरत नसून विषामुळे शरीरातील उत्तेजक संप्रेरकांचा पूर लोटतो, रक्तदाब चढतो, हृदय खचते आणि फुप्फुसात पाणी भरते, हे त्यांनी खाटेजवळ रात्र-रात्र बसून केलेल्या निरीक्षणातून टिपले. पुढे रक्तदाबावरचे प्राझोसिन हे साधे औषध वेळेवर दिल्यास हा पूर थोपवता येतो हे त्यांनी दाखवले आणि त्यांचे लेखन ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. भारतात आपत्कालीन वैद्यकाची पदवीही नव्हती तेव्हाची ही गोष्ट आहे. सर्पदंशाचेही तसेच. घोणस आणि फुरसे यांचे विष रक्ताची गोठण्याची क्रिया बिघडवते, आणि ते ओळखण्यासाठी स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत २ मिलिलिटर रक्त २० मिनिटे न हलवता ठेवून ते गोठले की नाही एवढे पाहावे लागते. यंत्र लागत नाही, घड्याळ लागते. परंतु मण्याराच्या दंशात ही चाचणी निर्दोष येते. मण्यार बहुधा रात्री, जमिनीवर झोपलेल्याला चावतो, दंशाची खूण शोधून सापडत नाही, आणि रोगी पहाटे पोटात दुखते म्हणून येतो. त्याच्या पापण्या जड होऊन खाली उतरत आहेत हे ज्याच्या नजरेस पडेल, तोच श्वासाचे स्नायू लुळे पडण्यापूर्वी प्रतिविष आणि कृत्रिम श्वासाची तयारी करू शकतो. घट्ट दोरी आवळणे, जखम कापणे, मांत्रिकाकडे नेणे यांत जाणारा वेळ याच तयारीतून वजा होतो.

या पेशाची किंमतही सांगितली पाहिजे. पाळ्या बदलत राहतात, सण बहुधा विभागातच साजरे होतात, आणि ज्याच्यासाठी रात्र घालवली तो रोगी वर अतिदक्षता विभागात गेल्यावर पुढे त्याचे काय झाले हे बहुतेक वेळा कळतही नाही. ज्याला रोग्याशी वर्षानुवर्षांचे नाते हवे आहे त्याने ही शाखा घेऊ नये. मृत्यूची बातमी अनोळखी कुटुंबाला काही मिनिटांच्या ओळखीवर सांगावी लागते, आणि त्यातून भडका उडाला तर तो याच दारात उडतो. महाराष्ट्राने २०१० साली वैद्यकीय व्यक्ती व संस्थांवरील हिंसाचाराविरुद्ध कायदा केला खरा, परंतु तो कायदा भिंतीवर लावलेल्या पाटीपलीकडे किती ठिकाणी पोहोचला हा वेगळाच विषय होईल. दुसऱ्या बाजूने, अपुऱ्या माहितीवर निर्णय घेऊन तो घटकाभराने बदलण्यास न लाजणारी बुद्धी ज्याच्यापाशी आहे, त्याला यापेक्षा जिवंत काम वैद्यकात क्वचितच मिळेल. आपल्या कन्येच्या पत्रातील जो उतारा आपण पाठवला आहे, त्यात ती इंटर्नशिपमध्ये रात्रपाळी मागून घेत असे असा उल्लेख आहे. तो तिच्या गुणपत्रिकेपेक्षा अधिक बोलका वाटतो.

जागा निवडताना महाविद्यालयाच्या नावापेक्षा तीन गोष्टींची चौकशी तिने तेथील निवासी डॉक्टरांकडे करावी: विभागाला स्वतःचे शिक्षक आहेत की ते इतर शाखांतून उसने आणलेले आहेत, गंभीर रोग्याच्या श्वासनलिकेत नळी घालण्याचे काम विभागाचा निवासी करतो की भूलतज्ज्ञाला बोलावले जाते, आणि रात्री वरिष्ठ जागेवर असतात की फोनवर. मातोश्रींसाठी मात्र एक काम आजच करता येईल: त्यांच्या औषधांच्या पट्ट्यांचे आणि त्या बऱ्या असतानाच्या ईसीजीचे छायाचित्र घरातील प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये ठेवावे, कारण आलेखातील बदल नवा की जुना हे ठरवण्यास जुन्या आलेखाइतका चांगला साक्षीदार मिळत नाही.