वाटीचा हिशोब

वाचकहो, ‘औषध टोपणाने मोजू नका, मापाने मोजा,’ हे मी बांधावर उभा राहून आजवर हजारदा सांगितले असेल. पण मापाची खरी अक्कल मला शेतात नव्हे, धाकट्या बहिणीच्या स्वयंपाकघरात आली. ती गोष्ट आज सांगतो.

२०१६ सालची दिवाळी. यजमान वारल्यावर बहीण फराळाच्या ऑर्डरी घेऊन घर चालवू लागली होती. त्या वर्षी नानकटाईची पहिलीच मोठी मागणी आली. मैद्याची गोणी आणि तुपाचा डबा घरात येऊन पडला. भट्टीवाल्याने प्रमाण सांगितले होते : एक किलो मैद्याला अर्धा किलो पिठीसाखर, अर्धा किलो तूप. करायची होती चार किलो मैद्याची आणि नेमका तराजू शेजारी गेलेला.

मी म्हटले, “अगं, तराजू कशाला हवा? तुझी ही वाटी पाव लिटरची. पाव लिटर पाणी म्हणजे पाव किलो. तेव्हा मैदा सोळा वाट्या, पिठीसाखर आठ, पातळ केलेले तूप आठ.”

मळता मळता ती म्हणाली, “दादा, पीठ सैल लागतंय रे.”

“हिशोब चुकायचा नाही. मी बी.एस्सी. झालोय,” मी म्हणालो. ती गप्प बसली.

भट्टीतून पत्रे बाहेर आले तेव्हा नानकटाईचा पत्ताच नव्हता. सगळे एकमेकांत पसरून पत्राभर एकच पोळी झालेली. ऑर्डर गेली, सामानाचे पैसे गेले. बहीण मला एका शब्दाने बोलली नाही, हे जास्त लागले.

चूक कुठे झाली? पाण्याचा नियम मी सगळ्यांना लावला. पाव लिटरच्या वाटीत न दाबता भरलेला मैदा सुमारे १३० ग्रॅम बसतो, पिठीसाखर सुमारे १२५, पातळ तूप मात्र सुमारे २२५. म्हणजे सोळा वाट्यांत मैदा चार किलोऐवजी जेमतेम दोन किलो पडला आणि तूप गेले १ किलो ८०० ग्रॅम. मैद्याच्या निम्मे हवे ते जवळजवळ मैद्याइतके झाले. मग ते पसरणार नाही तर काय होणार?

माझ्या आजीला हे कळत होते. १९६२ साली देशात मेट्रिक वजने सक्तीची झाली, तरी माझ्या लहानपणी आमच्या घरी धान्य मापानेच निघे. दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. आजी माप दाबू देत नसे, आणि शीग ठेवायची की सपाट करायचे हे आधी ठरवी. “मापात माल दिसतो, वजन दिसत नाही,” असे ती म्हणे.

भगिनींनो, तुमच्याकडे तराजू नसेल तर एक करा. आपली नेहमीची वाटी घेऊन वाण्याकडे जा. आधी रिकामी वाटी तोला. मग मैदा चमच्याने हलकेच भरा, ठोकू नका, दाबू नका, सुरीच्या पाठीने सपाट करा आणि तोला. रिकाम्या वाटीचे वजन वजा करा. असे तीनदा करून मधला आकडा धरा. साखर, रवा, बेसन, तूप यांचेही तसेच. आकडे कागदावर लिहून डब्याच्या झाकणाला आतून चिकटवा. दाबून भरलेला मैदा बराच जास्त बसतो, म्हणून भरण्याची रीत बदलू नका.

आणि बंधूंनो, फवारणीच्या भुकटीलाही हाच न्याय. लेबलावर ग्रॅम लिहिले असतील तर तिथे चमचा चालत नाही.

पुढच्या दिवाळीत बहिणीने पुन्हा नानकटाई केली, ती तोलून. मी शेजारी बसलो होतो. मळताना तिने माझ्याकडे पाहिले. या वेळी मीच विचारले, “पीठ कसं लागतंय?”