खोबरेल आणि जीपचे कुलूप

2018 च्या डिसेंबरात सागवानी चौकटी घ्यायला आम्ही नागपूरला गेलो, लकडगंजात मेहुण्याकडे उतरलो. 29 तारखेच्या पहाटे पारा 3.5 अंशांवर आला आणि बाबांना दम्याने घेरले. दवाखाना गाठायचा, तर रात्रभर उघड्यावर राहिलेल्या जीपचे दार उघडेना! किल्ली अर्धीच फिरे.

चूक माझीच. दिवाळीत कुलपात खोबरेल सोडले होते. ते 24 अंशांखाली थिजते. हिवाळ्यात बाटली रोज उन्हात ठेवणाऱ्या मला एवढे सुचू नये? मेहुण्याने काडी पेटवून किल्ली तापवली, दोनतीनदा आत घातली, तेव्हा कुलूप फिरले. तोवर बाबांची धाप ऐकवत नव्हती.

बाबा दुपारी सावरले. मिस्त्रीने रॉकेलने कुलूप धुतले. आता त्यात शिसपेन्सिलीची भुकटी घालतो.