रॅमचा ताळेबंद

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने घरी संगणक जुळवावा, याचे पुष्कळांना नवल वाटते. पण रॅम निवडताना मला जमाखर्चाचीच सवय उपयोगी पडली.

शिकवण्यांच्या पैशांतून घेतलेला प्रोसेसर मी नेमून दिलेल्या वेगापेक्षा अधिक वेगाने चालवतो. त्याच्या जोडीला डीडीआर-४ रॅमचे दोन संच समोर होते: एक ३२०० चा, सीएल १६; दुसरा ३६०० चा, सीएल १८, आणि महाग. दादा म्हणाला, “अरे, मोठा आकडा घे.”

मी वही काढली. पहिल्या रॅमचे घड्याळ सेकंदाला १६० कोटी ठोके देते आणि माहिती यायला १६ ठोके लागतात. म्हणजे १० नॅनोसेकंद. दुसरीचे ठोके १८० कोटी, थांबायचे १८. उत्तर तेच! पुढची वाहतूक दुसरीत साडेबारा टक्के जास्त, हे खरे. पण माझ्या खिशाला ती महाग होती.

शिवाय बाबांच्या किराणा दुकानाची खाती याच संगणकावर असतात. रॅम फार ताणली तर एखादा अंक बदलू शकतो, आणि साधी रॅम त्याची वर्दी देत नाही. म्हणून ३२०० च्या, ८ जीबीच्या दोन पट्ट्या घेतल्या, कारखान्याने ठरवलेल्या १.३५ व्होल्टवरच ठेवल्या आणि रात्रभर मेमटेस्ट चालवला. एकही चूक निघाली नाही, तेव्हाच खाती उघडली.

गिऱ्हाईक कन्नडमध्ये ‘लेक्क’ विचारो वा मराठीत ‘हिशेब’, तो चोख निघाला पाहिजे. वेग त्यानंतर.