महाल राजाचा, हात कुणाचे?

"मला मेलीला काय करायचेत राजवाडे?" असं म्हणत का होईना, आईने दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून घेतली आणि ती आमच्याबरोबर जोधपूरला आली. मुलाच्या नाताळच्या सुट्टीतली सहल. पंढरपूर-तुळजापूर सोडलं, तर सहल म्हणून ती पहिल्यांदाच घराबाहेर पडली होती.

राजवाडे हा खरं तर माझ्या नोकरीचाच भाग. सुट्ट्या जवळ आल्या की पर्यटनाचं पान माझ्याकडे येतं आणि 'राजेशाही थाट', 'शाही पाहुणचार' हे शब्द लेखणीतून आपोआप उतरतात. जयपूरचा रामबाग पॅलेस १९५७ साली हॉटेल झाला, पुढे उदयपूरच्या तळ्यातला जगनिवासही. १९७१ साली संस्थानिकांचे तनखे बंद झाले आणि एवढे मोठे वाडे नुसते झाडून-पुसून ठेवणंही अनेकांना जड जाऊ लागलं. ज्यांना जमलं त्यांनी पाहुण्यांसाठी दारं उघडली. ही सगळी माहिती मला तोंडपाठ!

जोधपूरच्या उमेदभवनात एका भागात हॉटेल आहे, एका भागात राजघराणं राहतं आणि एका भागात संग्रहालय आहे. तिकीट काढून येणाऱ्याला संग्रहालयापुरताच प्रवेश. हे कळल्यावर आई म्हणाली, "म्हणजे आपण ओसरीवरचे पाहुणे!"

आमचा गाइड पंचविशीतला, चुणचुणीत मुलगा होता. "माताजी, सांभाळून" म्हणत तो आईला पायऱ्यांवर हात देई. महालात ३४७ खोल्या आहेत, पायाभरणी १९२९ सालची, काम पुरं झालं १९४३ साली, दगडांना चुना न लावता ते एकमेकांत अडकवून बसवले आहेत, हे त्याने एका दमात सांगितलं. मग जरा थांबून अभिमानाने म्हणाला, "महाराजा उमेदसिंहांनी हा महाल केवळ हौसेसाठी नाही बांधला. मारवाडात दुष्काळ पडला होता. प्रजेच्या हाताला काम हवं, म्हणून बांधला. हजारो माणसं इथे राबत होती."

आई जागच्या जागी थबकली. "म्हणजे दुष्काळी काम?"

"हां जी, माताजी."

"मजुरी रोजच्या रोज मिळायची, की आठवड्याने? धान्य द्यायचे का? बायका होत्या का कामावर?"

गाइड गोंधळला. मग ओशाळून हसला. "माताजी, हे कुणी विचारतच नाही. लोक घड्याळं बघतात, महाराजांच्या मोटारी बघतात."

आईने पुढे काही विचारलं नाही. बाहेर आल्यावर मात्र ती भिंतीपाशी गेली आणि दोन दगडांमधल्या सांध्यावरून तिने हळूच बोटं फिरवली. मुलगा आणि हे मोटारी बघायला गेले. आम्ही दोघी सावलीत बसलो.

"बहात्तरच्या दुष्काळात मी चौदा वर्षांची होते," आई म्हणाली. "आपल्या गावाच्या रस्त्यावर खडी फोडायला जायची मी, तुझ्या आजीबरोबर. हाताला चिंध्या बांधायच्या, तरी फोड यायचे. कामावर सुकडी मिळायची. रेशनवर लाल मिलो. त्याच्या भाकरी घशाखाली उतरत नसत, पण उतरवायच्या."

मी तिच्या तोंडाकडे बघतच राहिले. नगर जिल्ह्यातल्या त्या गावात माझ्या किती सुट्ट्या गेल्या! पण आईने खडी फोडली होती, हे मला माहीत नव्हतं. "कधी बोलली नाहीस गं?"

"काय सांगायचं? तुझ्या बाबांकडची माणसं शिकलेली. लाज वाटायची."

जगाच्या मुलाखती घेत हिंडणारी मी! घरातल्या माणसाला साधा प्रश्नही कधी विचारला नव्हता.

मला रागच आला. म्हटलं, "लोक उपाशी असताना महाल कशाला? त्या पैशात तलाव बांधला असता तर?"

आई हसली. "कामावर जाणारा ते विचारत नाही, बाई. संध्याकाळी चूल पेटली की झालं. आणि तलाव बघायला तिकीट काढून कोण येणार? तो पोरगा बघ, रिक्षावाले बघ, ती चहाची टपरी बघ. या दगडांवर अजून किती जणांची पोटं भरतात! राजाचं नाव होणारच, काम त्यानेच काढलं. पण दगड कुणी वाहिले, तेही कुणीतरी सांगावं की नाही?"

मी काय बोलणार? पर्यटन राजाच्या नावावर चालतं, हे खरंच आहे. मजुराच्या नावावर हॉटेलची खोली कोण घेईल? शिवाय पर्यटनामुळेच हे वाडे उभे राहिले, नाहीतर कित्येक पडले असते. पण तिकिटाच्या पैशात आपण जी गोष्ट ऐकतो, ती नेहमी गादीवरच्या माणसाची असते. मी स्वतः तीच गोष्ट इतकी वर्षं लिहीत आले होते.

निघताना आईने त्या गाइडच्या हातात एक दशमी ठेवली. म्हणाली, "तुमच्या गावात कुणी म्हातारं माणूस असेल, तर त्याला विचार हो बाळा. त्याच्या आईवडिलांनी सांगितलेलं असेल. नंतर कुणी सांगणारं उरत नाही."

मे महिन्यात आम्ही आईच्या माहेरी गेलो. त्याच रस्त्याने. गावाआधी दोन मैलांवर तिने गाडी थांबवायला लावली. समोरून एसटी धूळ उडवत गेली. मुलगा खाली उतरून वाकून वाकून बघत होता. "आजी, तू फोडलेले दगड कुठले?"

"ते खालच्या थरात गेले रे," आई म्हणाली. "वरून डांबर घातलंय."