हजेरीपटातून पुसलेली नावे

आम्हा शिक्षकांचा दिवस हजेरीने सुरू होतो. एखाद्या मुलाचे नाव पटावर चढवायचे राहिले, तर पालक लगेच विचारायला येतात, आणि ते योग्यच आहे. पण यादीतून नाव गळाले तरच मूल वाचे, असाही एक काळ होऊन गेला. इतिहासाच्या तासाला आम्ही मुलांना ती हकिकत सांगितली.

१९४२ पासून अ‍ॅमस्टरडॅममधील एका नाट्यगृहात नाझी ज्यू कुटुंबांना कोंडून ठेवत. तेथून त्यांची रवानगी छावण्यांत होई. लहान मुलांना रस्त्यापलीकडच्या पाळणाघरात ठेवत. पाळणाघराच्या प्रमुख हेन्रिएट पिमेंटेल आणि नाट्यगृहाचा कारभार पाहणारे वॉल्टर झ्यूस्किंड, दोघेही ज्यू. आईवडिलांनी काळजावर दगड ठेवून होकार दिला, की झ्यूस्किंड त्या मुलाचे नाव नोंदीतून काढून टाकत.

पाळणाघराला लागूनच एक अध्यापक विद्यालय होते. योहान व्हान हुल्स्ट तेथले मुख्याध्यापक, वय अवघे ३२. मागच्या बागेतून मुले त्यांच्याकडे सोपवली जात. मग कोणी पिशवीत, कोणी टोपलीत घालून त्यांना बाहेर नेई. समोर ट्राम येऊन थांबली, की पहारेकऱ्यांची नजर अडे. तेवढीच संधी! अशी सुमारे ६०० मुले वाचली. अनोळखी घरांत, नव्या नावांनी ती वाढली.

२९ सप्टेंबर १९४३ रोजी नाझींनी पाळणाघर रिकामे केले. पिमेंटेलबाई ऑशविट्झमध्ये मारल्या गेल्या; झ्यूस्किंडही १९४५ मध्ये गेले. पाळणाघर बंद होताना व्हान हुल्स्ट यांना शेवटची बारा मुले नेता आली. तेरावे का नाही नेले, हा प्रश्न त्यांना पुढे आयुष्यभर छळत राहिला. २०१८ मध्ये, १०७ व्या वर्षी ते वारले. २०२४ पासून त्याच विद्यालयाच्या इमारतीत हॉलंडचे होलोकॉस्ट संग्रहालय आहे.

गोष्ट संपली तेव्हा मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, ती बारा मुलं त्यांनी कशी निवडली?"

आमच्याकडे उत्तर नव्हते, आणि तसे आम्ही मुलांना सांगितले. हाच प्रश्न घरीही येईल. पालकांनीही घाईने उत्तर देऊ नये, मुलांसोबत थोडे थांबावे, एवढीच विनंती.

दुसऱ्या दिवशी हजेरी घेताना मात्र आम्ही प्रत्येक नाव जरा सावकाश उच्चारले.